नऊवारीने पोट आवळू का, ताई?

पत्र सिंहगड रोडवरून आलंय. नाव छापू नका म्हणालीये, नाही छापत. वय ३९, दोन मुलं, दोन्ही सिझेरियन. जिम, डाएट सगळं करून वजन उतरलं पण पोटाची लोंबती कातडी काही हलली नाही, मधले स्नायूही फाकलेले, शेवटी टमी टक, म्हणजे जास्तीची कातडी कापून स्नायू शिवायचं ऑपरेशन, करून घेतलं. आज बारावा दिवस, आत साठणारं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या परवा निघाल्या. ती लिहिते :

"ताई, डॉक्टरांनी पोटाला बांधायचा पट्टा सहा आठवडे सांगितलाय, रात्रंदिवस. या उकाड्यात अंगावर पुरळ उठलंय, रात्री उठून काढून फेकावासा वाटतो. सासूबाई म्हणतात हा कसला ढिला पट्टा, माझ्या जुन्या नऊवारीने करकचून बांधते आणि शेगडीचा शेक देते, बाळंतपणात नाही का करत. मैत्रीण म्हणते एक साईज लहान घे, कंबर बारीक होते. बहीण म्हणते तिच्या ओळखीतल्या एकीला डॉक्टरांनी पट्टा दिलाच नव्हता, मग तूच का घालतेस. चौथ्या आठवड्यात नणंदेच्या मुलीचं लग्न आहे, त्या दिवसापुरता काढला तर चालेल का, पैठणीखाली तो जाडजूड दिसतो. आणि संध्याकाळी पोट एवढं फुगतं की वाटतं सगळे पैसे पाण्यात गेले."

अगं बाई, एका पोटाला किती डॉक्टर! तुझे ते सर्जन बिचारे एकटे पडले त्यात.

आधी सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. पण चार वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन करून घेतलंय, तो पट्टा मी पण घातलाय आणि त्यात एक मूर्खपणा पण केलाय, तो पुढे सांगतेच. तेव्हा जिथे तुझे डॉक्टर एक सांगतात आणि मी दुसरं, तिथे त्यांचंच ऐक.

सगळ्यात आधी तो शेक. तो बंद. म्हणजे बंदच. सासूबाईंना वाईट वाटलं तरी चालेल, रुसल्या तरी चालेल. तुझ्या बेंबीखाली बोट फिरवून बघ, काही कळतंय का? नाही ना कळत? कातडी उचलून, ताणून, खाली आणून शिवताना तिथल्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे तो भाग कित्येक महिने बधिर असतो, काहींना एखादा तळहाताएवढा तुकडा कायमचा बधिर राहतो. आता बधिर जागेवर शेगडीची धग लागली किंवा गरम पाण्याची पिशवी ठेवली तर चटका बसल्याचं तुला कळणारच नाही, कळेल ते फोड आल्यावर, आणि त्या कातडीचा रक्तपुरवठा आधीच तोळामासा झालेला असतो त्यामुळे साध्या भाजण्याची मोठी जखम व्हायला वेळ लागत नाही. बर्फाचंही तेच, थेट लावायचा नाही. बाळंतिणीच्या पोटावरची कातडी जागच्या जागी असते, तिला गरम लागलं की ती "आई गं" म्हणते. तुझं पोट सध्या "आई गं" म्हणत नाही, एवढंच सासूबाईंना सांग. बघ, पटेल त्यांना.

आता करकचून बांधायचं. हे बघ, पट्टा कशासाठी असतो हे आपल्याकडे कोणी नीट सांगतच नाही, सगळ्यांना वाटतं त्याने पोट आत जातं. पोट आत गेलंय ते आतल्या टाक्यांनी! फाकलेले स्नायू डॉक्टरांनी मधोमध ओढून शिवलेत, जास्तीची कातडी कापून टाकलीये, ते काम टेबलावरच संपलं. पट्ट्याचं काम वेगळं आहे. कातडी आणि खालचा स्नायू यांच्यात आता एक पोकळी आहे, दोन्ही अजून एकमेकांना चिकटायचेत, त्या पोकळीत पाणी साठू बघतं, डॉक्टर त्याला सेरोमा म्हणतात. पट्टा कातडीला अलगद खाली टेकवून धरतो, सूज जरा आटोक्यात ठेवतो आणि खोकताना, उठताना, कूस बदलताना आधार देतो. लाडू वळताना मूठ कशी असते, दाबली तर लाडू फुटतो आणि सैल सोडली तर वळत नाही, तसं आहे हे. धरायचंय, आवळायचं नाही.

आणि आवळलं तर काय होतं? आतले स्नायू शिवल्यामुळे पोटातली जागा आधीच कमी झालेली असते, त्यावर बाहेरून नऊवारीचे नऊ वार आवळले की आतला दाब वाढतो, मग श्वास वरवरचा होतो, जेवलं की आंबट वर येतं, आणि मुख्य म्हणजे पायातून वर येणारं रक्त मांडीपाशी अडखळायला लागतं. अशाने पायात गुठळी व्हायची भीती असते. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं, हे घाबरवायला लिहीत नाहीये पण हळू आवाजात सांगण्यासारखंही नाहीये. म्हणून तर दुसऱ्या दिवसापासून वाकून का होईना पण चालायला लावतात.

नीट बसलाय का हे बघायची सोपी युक्ती म्हणजे दोन बोटं आडवी पट्ट्याखाली सरकली पाहिजेत, आणि पोटभर श्वास घेता आला पाहिजे. काढल्यावर शिवणीचे पुसट वळ दिसले तर ठीक, पण खोल खाच पडली, फोड दिसला किंवा रंग बदललेला दिसला तर पट्टा चुकलाय. कधी कधी पट्टा वरतीच संपतो आणि सगळी सूज खाली उतरते, जांघांच्या मधे, नको तिथे, आणि बाई घाबरून जाते पण लाजेने कोणाला विचारत नाही. तसं झालं असेल तर घाबरू नकोस, पाणी खाली उतरतंच, पण डॉक्टरांना सांग, ते मांडीपर्यंत येणारा पट्टा देतात.

हं, आता माझा मूर्खपणा. तुझ्या मैत्रिणीसारखीच एक मलाही भेटली होती, फक्त ती दुकानदाराच्या रूपात होती. तिसऱ्या आठवड्यात धुवायला दुसरा पट्टा हवा म्हणून नवऱ्याला घेऊन एका दुकानात गेले, दुकानदार म्हणाला मॅडम मिडियम घ्या, टाईट असला की लवकर आत जातं. मला तरी अक्कल कुठे होती, घेतला. घरी दोघांनी मिळून हुक लावले, शेवटचा हुक लावताना नवरा म्हणाला हे गादीची खोळ चढवल्यासारखं वाटतंय. तेव्हाच थांबायला हवं होतं. उभी असताना छान वाटत होतं, पण बसलं की वरची कड गुंडाळून बरगडीखाली दोरीसारखी व्हायची, खालची कड बरोबर टाक्यांच्या वर येऊन चुणी पडायची. मला काहीच दुखत नव्हतं, कारण बधिर! दोन दिवसांनी आंघोळीला काढला तर चुणीच्या रेषेवर बोटाच्या पेराएवढा फोड. सर्जन जे काही बोलल्या ते छापण्यासारखं नाही. तो फोड भरायला तीन आठवडे गेले आणि त्याचा डाग अजून आहे, टाक्यांची रेघ पुसट झाली पण हा डाग नाही गेला.

त्यामुळे साईज अंगाचं माप टेपने घेऊनच, तेही आजच्या सुजलेल्या अंगाचं, ऑपरेशनच्या आधीच्या जीन्सचं नाही. आणि एक, दुकानात किंवा ऑनलाईन "टमी टकर" म्हणून जे मिळतं ते हे नव्हे! नावात फक्त एका र चा फरक आहे पण ते लग्नात साडीखाली घालून फोटोपुरतं पोट लपवायचं कापड, तुळशीबागेत ढिगाने मिळेल. ऑपरेशननंतरचा पट्टा सर्जिकलच्या दुकानातून किंवा डॉक्टर सांगतील तिथून घे, पुढून उघडणारा, डोक्यातून किंवा पायातून ओढून चढवावा लागणारा नको, आणि खाली बाथरूमसाठी उघडा असलेला बघ नाहीतर दर वेळी सगळं सोडत बसशील. दोन घे. एक अंगावर, एक दोरीवर.

धुण्याचं पण सांगते कारण पुरळाचं अर्धं कारण तेच असतं. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, खळखळून धू म्हणजे साबण राहत नाही, कम्फर्ट वगैरे घालू नकोस, पिळू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब आणि सावलीत वाळव. उन्हात त्यातलं इलॅस्टिक मरतं. वेल्क्रो असेल तर बंद करून मगच धुवायचा, नाहीतर त्यात सगळ्या घराचे केस अडकतात आणि मग ते टोचतात. बाल्कनीत वाळत घातलास तर समोरच्या काकू विचारणारच, हे काय गं, तर सांग कंबरेचा पट्टा आहे. खोटं पण नाही.

आणि पट्टा थेट अंगावर नको. आत सुती पातळ बनियन घाल, बनियन उलटी करून म्हणजे शिवण बाहेरच्या बाजूला येते, अंगाला रुतत नाही. मग पट्टा लावायच्या आधी बनियन खाली ओढून तळहाताने सपाट करायची, एकही चुणी नको, पोळीवर तूप पसरवतो ना तसा हात फिरव. घामाने ओली झाली की लगेच बदल, मे महिन्यात पुण्यात दिवसातून तीन तरी लागतील, स्वस्तातल्या सहा आणून ठेव. पावडर टाक्यांच्या आसपास मुळीच नको, घामात तिचा चिखल होतो. रात्री पंखा थेट अंगावर, कूलर असेल तर उत्तम. काढून फेकावासा वाटतो ते मला माहितीये गं, मी पहाटे तीनला बाल्कनीत उभी राहून रडलेय त्या पट्ट्यापायी. पण फेकू नकोस. फारच झालं तर डॉक्टरांना विचार की रोज आंघोळीव्यतिरिक्त अर्धा-एक तास आडवी पडून मोकळं राहिले तर चालेल का, पुष्कळ जण हो म्हणतात.

आंघोळीला पट्टा काढशील तेव्हा एकटी असू नकोस. माझं असं झालं होतं की हुक सुटले आणि पोटाचा सगळा आधार गेल्यासारखं वाटून डोळ्यांपुढे अंधारी आली, दारात सासूबाई होत्या म्हणून वाचले. आधी पलंगावर बसून पट्टा सोडायचा, दोन मिनिटं तशीच बस, मग बाथरूममध्ये स्टुलावर बसून आंघोळ, पाणी कोमट, कढत नाही.

बहिणीचं म्हणणं अगदीच चूक नाही हं. पट्टा घातल्याने सेरोमा टळतोच का यावर सर्जन लोकांमध्ये एकमत नाहीये, काही जण पट्टा देतच नाहीत, काही जण कातडी आतून खाली टाचून घेतात आणि मग ड्रेनसुद्धा लागत नाही, कोणी चार आठवडे सांगतं कोणी आठ. पण तिच्या ओळखीतल्या बाईचं ऑपरेशन कसं केलं होतं हे तुला माहीत नाही, तुझं कसं केलंय ते तुझ्या डॉक्टरांना माहितीये. एकीची चिठ्ठी दुसरीला लागू करायची ही आपली जुनी खोड. तुला खरंच प्रश्न पडला असेल तर पुढच्या व्हिजिटला सरळ विचार, माझ्यात पट्टा नक्की कशासाठी आहे आणि कधीपासून रात्रीचा बंद करू. चांगले डॉक्टर चिडत नाहीत.

संध्याकाळचं फुगणं. सगळ्यांचं होतं! सकाळी सपाट आणि संध्याकाळी सहाला बघावं तर तिसरा महिना. दिवसभर उभं-बसलं की पाणी खाली उतरतं, आणि कापल्यामुळे ते वाहून नेणाऱ्या बारीक वाटाही तुटलेल्या असतात, त्या पुन्हा जुळायला महिने लागतात. बरीचशी सूज तीनेक महिन्यांत उतरते, उरलेली रेंगाळत सहा महिने, कधी वर्ष घेते. बाराव्या दिवशी हिशोब मांडू नकोस. लोणचं, पापड, बाकरवडी जरा बाजूला ठेव, मिठाने सूज वाढते. आणि घरात सध्या वाळवणं चालू असतील तर तू कुरडया घालायला बसणार नाहीयेस, सोऱ्या दाबायला लागणारा जोर थेट टाक्यांवर येतो. जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं, धाकट्याला उचलणं, पाण्याची बादली, सहा आठवडे काही नाही. ॲक्टिव्हा पण नाही, अचानक ब्रेक दाबताना पोट आपोआप आवळलं जातं आणि सिंहगड रोडवर अचानक सोडून दुसरा ब्रेकच नसतो. डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच. बद्धकोष्ठ होऊ देऊ नकोस, कुंथणं पण तेवढंच वाईट, पाणी पी, पपई खा, दुखण्याच्या गोळीने घट्ट होत असेल तर सांग डॉक्टरांना. झोपताना पाठीमागे दोन उश्या आणि गुडघ्याखाली एक, म्हणजे पोटावर ताण येत नाही. आणि घरात कोणी सिगरेट ओढत असेल किंवा तुला स्वतःला मिश्रीची सवय असेल (विचारलं म्हणून रागावू नकोस, पुष्कळ घरांत असते आणि डॉक्टरांना कोणी सांगत नाही) तर बंद, तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि त्या कातडीला तेवढंही परवडत नाही.

लग्न. जा की! चार आठवड्यांनी बहुतेक जणी सरळ चालत असतात. पण पट्टा घालून जा. पैठणीखाली तो जाडजूड दिसतो असं फक्त तुला वाटतं, पैठणी स्वतःच एवढी भारदस्त असते की तिच्याखाली गादी बांधली तरी लोक पदराचे मोर बघतील. खरी अडचण परकराच्या नाडीची आहे. नाडी कचकचून बांधली की ती पट्ट्यातून कचते आणि तुला कळत नाही, तेव्हा नाडीच्या जागी रुंद इलॅस्टिक शिवून घे आणि ते पट्ट्याच्या वरून येऊ दे, खालून नको. निऱ्यांचा गठ्ठा कमी कर, शिवलेली साडी मिळाली तर अजून छान. कार्यालयात गेल्या गेल्या पाठ टेकायची खुर्ची पकड, अक्षतांना मागे उभी राहा, गर्दीत लहान मुलं पोटावर आपटतात. दर तासाला चार पावलं चाल. पाया पडायला वाकू नकोस, हात जोड, ज्यांना राग यायचा त्यांना येऊ दे. कोणी विचारलंच तर हर्नियाचं ऑपरेशन झालं म्हण, हर्नियावाल्याला कोणी वाक म्हणत नाही.

आणि सासूबाईंच्या नऊवारीला काम द्यायचंय मला, फेकायची नाही ती. मऊ जुनं लुगडं आहे ना, त्याची उशीएवढी घडी घालून टाका मारून दे म्हणावं. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी पडली की ठसका लागणारच, शिंक येणारच, तेव्हा ती घडी दोन्ही हातांनी पोटावर पट्ट्यावरूनच धरायची आणि मग खोकायचं. फरक कळेल. त्यांना पण वाटेल आपण काही केलं, कारण खरं सांगू का, त्यांना शेक द्यायचा नाहीये गं, त्यांना तुझं काहीतरी करायचंय.

आता हे मात्र नीट वाच. पोटरी एकाच बाजूची सुजली, दुखतेय, गरम लागतेय, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर पट्टा सैल कर आणि थेट हॉस्पिटल, १०८ ला फोन कर, सकाळची वाट बघायची नाही. पोटाचा एखादा भाग अचानक फुगला आणि दाबल्यावर पाण्याच्या पिशवीसारखा डुचमळला तर तो सेरोमा असू शकतो, ड्रेन निघाल्यावर असं होतं, डॉक्टर सुईने पाणी काढतात, दहा मिनिटांचं काम आणि बधिर असल्यामुळे फारसं दुखतही नाही, पण घरी पट्टा अजून आवळून ते "जिरवायचं" नाही. ताप, टाक्यांना वास, पू, वाढत जाणारा लालपणा, लगेच फोन. बेंबीखाली टाक्यांच्या जवळची मधली कातडी निळसर, जांभळी किंवा काळी दिसायला लागली तर त्याच तासाला फोन, रक्त पोचायला सगळ्यात लांब पडतं ते ठिकाण आहे.

तुझं पुरळ नुसतं घामोळं आहे की पट्ट्याच्या कापडाची ॲलर्जी की टाक्यांच्या टेपची, हे मला इथे बसून नाही सांगता येणार, कुठलंही मलम मनाने लावू नकोस. फोटो काढून आजच डॉक्टरांना पाठव. दिवसाउजेडी खिडकीपाशी काढ, ट्यूबलाईटखाली सगळंच निळं दिसतं.